काशीबाहेरचे मरण : नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा मृत्युविचार

काशीत देह ठेवला की मुक्ती मिळते, ही श्रद्धा मराठी मनात खोलवर रुजलेली आहे. गंगेच्या घाटांवर जी महाराष्ट्रीय कुटुंबे वसली, ती विद्येसाठी आणि राजाश्रयासाठी तेथे गेली हे खरे. परंतु अंतकाळ काशीत यावा, ही आकांक्षाही त्या वास्तव्यामागे होती. अशाच एका चित्पावन कुटुंबात वाढलेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५) यांनी या आकांक्षेचा त्याग केला. त्यांच्या लेखनाचा विचार करताना ही घटना केंद्रस्थानी ठेवावी लागते.

जॉन म्यूर यांच्या 'मतपरीक्षा' या ग्रंथास उत्तर म्हणून तरुण शास्त्रीबुवांनी १८४४–४५ च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. पुढे १४ मार्च १८४८ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नीळकंठशास्त्र्यांचे नेहेम्या गोऱ्हे झाले. हा विधी जौनपूर येथे, म्हणजे काशीक्षेत्राच्या सीमेबाहेर झाला. 'षड्दर्शनदर्पण' हा त्यांचा हिंदी ग्रंथ १८६० मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८६२ मध्ये फिट्झएडवर्ड हॉल यांनी तो इंग्रजीत आणला. या ग्रंथामुळे 'खंडनकार' ही त्यांची प्रतिमा रूढ झाली. मात्र या खंडनाच्या तळाशी माणसाने मृत्यूला कसे सामोरे जावे हा प्रश्न आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

'षड्दर्शनदर्पणा'त जीवाचे अनादित्व आणि पुनर्जन्म या दोन्ही कल्पना नाकारल्या आहेत. हा केवळ दार्शनिक वाद नव्हे. जन्मांची परंपरा मानली की या जन्मी अपुरे राहिलेले पुढे पूर्ण होण्यास वाव राहतो. जन्म एकच आहे असे मानताच प्रत्येक दिवसाचे मोल बदलते. काशीत अंतक्षणी शिव कानात तारक मंत्र सांगतो, अशी श्रद्धा आहे. तेथे सर्व भार त्या क्षणावर आणि त्या स्थळावर आहे. मत्तयकृत शुभवर्तमानातील दहा कुमारींच्या दृष्टांतात घटिका अज्ञात आहे आणि ऐनवेळी दिव्यासाठी तेल उसने मिळत नाही. म्हणून ख्रिस्ती दृष्टीने मरणाची तयारी म्हणजे नित्याचा पश्चात्ताप, क्षमा आणि प्रार्थना. ती उद्यावर ढकलता येत नाही.

गोऱ्हे यांच्या बाबतीत ही तयारी शांत, निश्चिंत मनाची नव्हती. सार्वकालिक दंडाच्या सिद्धांतावरील आक्षेपांचा परामर्श घेणारी त्यांची इंग्रजी पुस्तिका १८६८ मध्ये निघाली. १८६६ मध्ये इंग्लंडात स्थापन झालेल्या काउली येथील संन्यस्त संघाशी ते निगडित झाले. तथापि अखेरची व्रते त्यांनी घेतली नाहीत. शंका त्यांना आयुष्यभर छळत राहिल्या. ही अनिश्चितता दुर्बलता मानली जाते, पण तो निष्कर्ष पुनर्विचार करण्याजोगा आहे. स्थळाने दिलेली हमी ज्याने सोडली, त्याने बाप्तिस्म्यालाही नवी हमी होऊ दिली नाही. ईश्वरी कृपेवर विसंबूनही स्वतःची तपासणी न थांबवणे, हेच त्यांच्या मृत्युविचाराचे वैशिष्ट्य ठरते.

अर्थात काशीच्या परंपरेलाही न्याय द्यावयास हवा. क्षेत्रसंन्यास घेणाऱ्यास कठोर नित्याचरण सांगितलेले आहे. काशीत पाप करणाऱ्यास मुक्तीपूर्वी भैरवी यातना भोगावी लागते, अशी धारणा आहे. म्हणजे काशीतील मरण ही विनासायास मिळणारी सूट नव्हे. कबीर अखेरीस काशी सोडून मगहरला गेले, असे परंपरा सांगते. स्थळमाहात्म्याविषयीची शंका त्या नगरीच्या अंतरंगातूनच उमटली होती. गोऱ्हे यांच्या खंडनाला ही बाजू पुरेशी दिसली नाही, ही त्याची मर्यादा होय. त्यांचे वेगळेपण असे की, कबिरांच्या शंकेचे उत्तर अंतर्यामी रामात मिळते, तर गोऱ्हे न्याय करणाऱ्या आणि क्षमा करणाऱ्या ईश्वरासमोर उभे राहतात.

या विचाराचा धागा पुढे मराठी वाङ्मयात पोहोचला. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयामागे गोऱ्हे यांच्या लेखनाचा प्रभाव होता. १९२१ मध्ये कन्या मनोरमा निवर्तल्यानंतरही रमाबाई पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम करीत राहिल्या आणि १९२२ मध्ये केडगाव येथे त्यांचे निधन झाले. गोऱ्हे यांच्या ठायी आत्मपरीक्षणाच्या रूपाने असलेली सिद्धता रमाबाईंच्या ठायी हातातल्या कामाच्या रूपाने दिसते.

गोऱ्हे यांनी मुख्यतः संस्कृत, हिंदी आणि इंग्रजीत लिहिले म्हणून मराठी वाङ्मयेतिहासात त्यांची नोंद त्रोटकच राहते. परंतु त्यांचा प्रश्न काशीवासी मराठी घरातला आहे. मराठी मनाच्या धर्मचिंतनाचा इतिहास त्यांना वगळून पुरा होणार नाही.