सावली धरणारा माणूस

छायाचित्रण या आपल्या शब्दात प्रकाश नाही, छाया आहे. जेम्स वाँग हाउ या कॅमेरामनचं काम बघताना हा शब्द फार पटतो.

हाउ 1899 साली चीनमध्ये जन्मला, लहानपणीच अमेरिकेत आला. उमेदीत मुष्टियुद्ध खेळला, मग स्टुडिओत हलकीसलकी कामं करत कॅमेऱ्यापाशी पोचला. मेरी माइल्स मिंटर या मूकपटातल्या नटीचे डोळे फिकट निळे होते. त्या वेळच्या फिल्मवर निळा रंग पांढरा उमटे, त्यामुळे पडद्यावर बुबुळंच हरवत. हाउनं काळ्या मखमलीला भोक पाडलं, त्यातून भिंग बाहेर काढलं. मखमलीचा काळोख तिच्या डोळ्यांत उतरला आणि नजर गडद झाली. दिवा न वाढवता अंधार वाढवायचा, ही त्याची खोड तिथूनच.

‘हड’ (1963) मध्ये ती खोड आभाळापर्यंत गेली. टेक्सासच्या माळावरचे ढग त्यानं फिल्टर लावून पुसून टाकले. ढग असते तर फ्रेम देखणी झाली असती, आणि चित्रपटाचं वाटोळं झालं असतं! लाळ्या-खुरकुताच्या रोगापायी अख्खा कळप मारला जातो, तेव्हा त्या कोऱ्या आभाळाखाली नजरेला टेकायलाही जागा उरत नाही. या कामाला ऑस्कर मिळालं. हे त्याचं दुसरं; आधीचं ‘द रोझ टॅटू’साठी मिळालं होतं.

हा माणूस फक्त काळोखातच रमला असं नव्हे. ‘बॉडी अँड सोल’ (1947) मधली मुष्टियुद्धं त्यानं पायात चाकाचे स्केट्स घालून, कॅमेरा हातात धरून टिपली. रिंगणात ठोसे खाल्लेलाच असं करू धजतो. ‘सेकंड्स’ (1966) मध्ये मात्र वाकडी भिंगंच जास्त बोलतात, असं मला वाटतं.

त्याचं लग्न 1937 साली पॅरिसमध्ये झालं. बायको गोरी, लेखिका सॅनोरा बॅब. कॅलिफोर्नियात असं लग्न 1948 पर्यंत बेकायदा होतं. इतकी वर्षं हॉलीवूडच्या नट्यांचे चेहरे उजळणाऱ्याला स्वतःच्या बायकोला उघडपणे बायको म्हणायची सोय नव्हती.

आता ‘स्वीट स्मेल ऑफ सक्सेस’ (1957). न्यूयॉर्कच्या खऱ्याखुऱ्या रस्त्यांवरची रात्र. हॉटेलात बसलेला, लोकांची आयुष्यं धुळीला मिळवणारा स्तंभलेखक बर्ट लँकेस्टरनं रंगवलाय. दिवा वरून येतो, चष्म्याच्या जाड फ्रेमची सावली गालांवर पडते, चेहऱ्याची कवटी होते. त्यात दिग्दर्शक मॅकेंड्रिकनं चष्म्याच्या काचांना व्हॅसलीन चोपडलेलं. लँकेस्टरला समोरचं धड दिसत नसे, म्हणून ती नजर कुणावरच ठरत नाही. मिंटरच्या डोळ्यांत हाउनं सावली भरून जीव आणला होता. इथं तीच सावली वापरून तो काढून घेतला.

माझ्या लेखी हे त्याचं सर्वोत्तम काम. या चित्रपटाला ऑस्करचं एकही नामांकन मिळालं नाही.