धाव संपल्यानंतर

ह्यू हडसन दिग्दर्शित ‘चॅरिअट्स ऑफ फायर’ हा १९८१ चा इंग्रजी चित्रपट आपल्या ख्रिस्ती वाचकांना मुख्यतः एरिक लिडेलमुळे ठाऊक असतो. रविवारी धावण्यास नकार देणारा आणि पुढे चीनमध्ये मिशनरी म्हणून देह ठेवणारा हा स्कॉटिश तरुण प्रवचनांतून वारंवार भेटतो. मीही त्याचा आधार अनेकदा घेतला आहे. परंतु अलीकडे हा चित्रपट पुन्हा पाहताना माझे लक्ष दुसऱ्या धावपटूवर, हॅरॉल्ड अब्राहम्सवर, खिळले; आणि पटकथाकार कॉलिन वेलंड यांनी त्याची कथा फार लवकर आटोपती घेतली, असे वाटले.

चित्रपटाचे सामर्थ्य निर्विवाद आहे. केंब्रिजमध्ये शिकणारा हा ज्यू तरुण सॅम मुसाबिनी या व्यावसायिक प्रशिक्षकाची मदत घेतो, तेव्हा महाविद्यालयांचे दोन प्रमुख त्याला सभ्य शब्दांत बोल लावतात. पैसे घेऊन शिकवणारा गुरू त्यांच्या लेखी कमीपणाचा. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अब्राहम्स शंभर मीटरचे सुवर्णपदक जिंकतो. मुसाबिनी मात्र मैदानाबाहेरच्या एका खोलीत बसलेला. खिडकीतून ध्वज वर चढताना दिसतो, तेव्हाच त्याला निकाल कळतो. कोणाला आत घेतले जाते आणि कोणाला नाही, हे या एका प्रसंगात भाषणबाजीविना व्यक्त झाले आहे.

येथून पुढचे अर्धशतक मात्र चित्रपट अखेरच्या अक्षरपट्टीतील एका वाक्यात उरकतो. वस्तुतः खरा नैतिक पेच तेथेच सुरू होतो. १९२५ मध्ये पायाच्या दुखापतीने अब्राहम्सची धाव थांबली. तो वकील, क्रीडापत्रकार आणि बीबीसीचा समालोचक झाला. १९६८ ते १९७५ या काळात ब्रिटनच्या हौशी मैदानी खेळांच्या मंडळाचे अध्यक्षपदही त्याने भूषविले. ज्या हौशीपणाच्या संकेतावरून त्याला बोल लागले, त्याच संकेताच्या राखणदारांत तो जाऊन बसला. खेळाडूंना कमाईसाठी विश्वस्त निधीची वाट आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ मध्ये मोकळी केली. तेव्हा अब्राहम्सच्या मृत्यूला चार वर्षे झाली होती.

सर्वांत अवघड प्रसंग १९३६ चा. जन्माने ज्यू असलेल्या अब्राहम्सने १९३४ मध्ये कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती. बर्लिन ऑलिंपिकवर बहिष्काराची मागणी झाली, तेव्हा त्याने तिला विरोध केला आणि बीबीसीचा समालोचक म्हणून तो बर्लिनला गेला. संबंध तोडल्याने छळ थांबणार नाही, असा बहिष्कारविरोधी युक्तिवाद होता. तो सर्वस्वी खोटा म्हणता येत नाही. परंतु ग्रेटेल बेर्गमानचे काय? या ज्यू उंचउडीपटूने १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले होते. १९३६ च्या जूनमध्ये तिने १.६० मीटर उडी मारून जर्मन विक्रमाची बरोबरी केली. आणि अमेरिकेचा संघ जहाजावर चढताच तिला जर्मन संघातून वगळण्यात आले.

अब्राहम्सला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे, असे मी म्हणत नाही. पुढचे सारे ठाऊक असताना निवाडा करणे सोपे असते. माझी तक्रार कलाकृतीविषयी आहे. अन्याय सोसणाऱ्या धावपटूचे चित्र तिने उत्कटपणे रेखाटले; तोच पुढे अधिकाराच्या खुर्चीत बसला, तेव्हा दुसऱ्याच्या अन्यायापुढे त्याने काय करायला हवे होते, हे विचारण्याचे तिने टाळले.

संत पौलाने श्रद्धावंताला धावपटूची उपमा दिली, म्हणून आपण शर्यतीच्या कथांत रमतो. पण आपल्यापैकी बहुतेकांची परीक्षा धावताना होत नाही. पंच, विश्वस्त, मुख्याध्यापक अथवा धर्मगुरू झाल्यावर ती होते. बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसलेल्या माणसाची आठवण आत बसलेल्याला राहते का? हा प्रश्न अब्राहम्सच्या निमित्ताने मला माझ्याच खुर्चीत अस्वस्थ करून गेला. चित्रपटाने तो विचारला असता, तर तो अधिक मोठा झाला असता.