उशिरा आलेली गाडी : ‘द कमिटमेंट्स’ या चित्रपटाविषयी

होतकरू तरुणांनी एकत्र यावे, उसनवारीने वाद्ये मिळवावीत, उपहास सोसावा आणि अखेरीस टाळ्यांच्या कडकडाटात त्यांच्या कष्टांचे चीज व्हावे, हा गाणाऱ्या-वाजविणाऱ्या मुलांवरील चित्रपटांचा ठरीव साचा आहे. १९९१ साली प्रदर्शित झालेला ॲलन पार्कर यांचा ‘द कमिटमेंट्स’ हा विनोदी चित्रपट याच साच्यातून निघतो आणि नेमक्या शेवटच्या वळणावर तो साचा मोडतो. येथे बँड यशस्वी होत नाही, तो फुटतो. तरीही चित्रपट संपल्यावर मन खिन्न होत नाही. असे का व्हावे, याचा थोडा विचार येथे करावा असे आम्हांस वाटते.

चित्रपटाचा आधार म्हणजे रॉडी डॉइल यांची १९८७ सालची याच नावाची पहिली कादंबरी. डॉइल हे डब्लिन शहराच्या उत्तर भागातील किलबॅरक येथे शाळामास्तर होते. आपल्या भोवतालच्या कामगारवस्तीला त्यांनी ‘बॅरीटाउन’ असे कल्पित नाव दिले आणि तेथील माणसांची तिखट, चटपटीत बोली जशीच्या तशी कागदावर उतरविली. त्या काळी आयर्लंडमधील बेकारीचे प्रमाण सतरा टक्क्यांच्या आसपास पोहोचले होते आणि हजारो तरुण देश सोडून जात होते. मागे राहिलेल्यांपैकीच एक म्हणजे कथेचा नायक जिमी रॅबिट. त्याला गाता येत नाही, वाजविताही येत नाही. परंतु कोणते गाणे खरे आणि कोणते खोटे हे त्याला कळते. तेवढ्या भांडवलावर तो बँड उभा करायला निघतो. त्यातील एक पोरगा म्हणतो की, बेकार गवंडी-नळकरी असण्यापेक्षा बेकार वादक असणे केव्हाही बरे! हा विनोद हसवतो खरा. पण बेकारीने हिरावलेला स्वाभिमान माणूस कसा परत मिळवू पाहतो, तेही तो सांगून जातो.

बँडच्या भरतीचा प्रसंग पाहण्यासारखा आहे. वर्तमानपत्रातील जाहिरात वाचून जिमीच्या दारी नाना तऱ्हेचे उमेदवार येतात. तो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, तू कोणाचे संस्कार घेऊन आलास? उत्तर ऐकताच बहुतेकांच्या तोंडावर दार लावतो. एक जण तर केवळ रांग पाहून, येथे गर्दची पुडी मिळत असावी अशा समजुतीने उभा राहिलेला! या एका वाक्यात त्या वस्तीवरील सावट दिसून जाते. पुढे त्या बहुमजली इमारतीत एक मुलगा चक्क घोडा घेऊन लिफ्टपाशी उभा असतो आणि ‘घोडा लिफ्टने नेणार?’ या प्रश्नावर, जिने चढून बिचाऱ्याचा जीव जाईल ना, असे शांतपणे उत्तर देतो. दारिद्र्याकडे पाहण्याची ही रीत आम्हांस फार मोलाची वाटते. पार्कर या माणसांची कीव करीत नाहीत आणि त्यांना हिणवीतही नाहीत.

जिमीला रॉकमधला चकचकाट नको असतो. त्याला हवे असते ‘सोल’. या शब्दाचा अर्थच आत्मा. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांतून जे गायन उमलले त्यातूनच हे संगीत जन्मले. ॲरिथा फ्रँकलिन ही एका बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाची कन्या आणि विल्सन पिकेट यांचाही गळा भक्तिगीते गाणाऱ्या पथकात घडलेला. म्हणजे डब्लिनच्या कॅथोलिक वस्तीतील ही मुले, नकळत का होईना, दुसऱ्या एका ख्रिस्ती समाजाच्या आक्रोशातून निघालेले सूर गाऊ लागतात. त्यांना हे सूर शिकविण्यासाठी जो येतो तो जोई फेगन हा पोक्त वयाचा ट्रम्पेटवादक. आपणास परमेश्वरानेच पाठविले आहे, असे तो गंभीरपणे सांगतो. मोठमोठ्या गायकांच्या साथीला आपण वाजविले असल्याच्या त्याच्या कथा तर संपता संपत नाहीत. तो संदेष्टा आहे की थापाड्या, हा प्रश्न पडद्यावरील मुलांइतकाच आपल्यालाही छळत राहतो.

या चित्रपटातील विनोद चर्चच्या दारातूनही मोकळेपणाने ये-जा करतो. जिमीच्या घरी पोपमहाशयांच्या तसबिरीच्या वर एल्विस प्रेस्लीची तसबीर टांगलेली आहे. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे आयर्लंडला गेले, तेव्हा डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधील मिस्साला दहा लाखांहून अधिक लोक लोटले होते. त्या देशातील या भिंतीवर कोण वर आणि कोण खाली, हे पाहून हसू येते आणि काहीतरी बदलत चालल्याची चाहूलही लागते. बँडमध्ये पियानो वाजविणारा स्टीव्हन हा वैद्यकीचा विद्यार्थी पापनिवेदनाला जातो. पूर्वी माझ्या ओठी स्तोत्रे असत, आता मात्र एक प्रेमगीत असते, अशी कबुली तो देतो आणि त्या गाण्याच्या गायकाचे नाव चुकीचे सांगतो. जाळीपलीकडून फादर लगेच खरे नाव सांगून त्याची चूक दुरुस्त करतात!

काही वाचकांना हा प्रसंग खटकेल. आमचे मत निराळे आहे. येथे संस्काराची टवाळी नाही. हे फादर त्याच वस्तीत राहतात, तोच रेडिओ ऐकतात. जाळीच्या दोन्ही बाजूंची माणसे एकाच मातीची आहेत, एवढेच दिग्दर्शकाला सांगायचे आहे. असा निर्मळ विनोद करता येणे हेच मुळी विश्वासाचे लक्षण होय. याची प्रचिती यावी म्हणून जॉन कार्नी यांचा २०१६ सालचा ‘सिंग स्ट्रीट’ शेजारी ठेवून पाहावा. तीच नगरी, १९८५ सालचा काळ, शाळकरी मुलांचा तसाच धडपडणारा बँड. परंतु शाळेचा प्रमुख असलेला ब्रदर मुलाचे डोके बेसिनमध्ये दाबून त्याच्या चेहऱ्यावरील रंग खरवडून काढतो. तेथे हसू मावळते. या दोन चित्रपटांच्या दरम्यान, २००९ साली, धर्मसंघांच्या संस्थांमध्ये मुलांचा झालेला छळ उघड करणारा रायन आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. पहिला चित्रपट फादरांशी थट्टा करतो, दुसऱ्याला ती करवत नाही. धर्मगुरू आणि लोक यांच्यामधील विश्वास तुटला की प्रथम विनोद मरतो, हे आपणही ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

आता कथेच्या गाभ्याकडे वळू. बँड रंगात येतो, गर्दी जमू लागते आणि त्याच वेळी आतून कुजू लागतो. बसमध्ये कंडक्टर असलेला डेको हा गळ्याने अलौकिक आणि वृत्तीने असह्य. ही भूमिका करणारा अँड्र्यू स्ट्राँग निवडीच्या वेळी अवघा सोळा वर्षांचा होता, यावर त्याचे गाणे ऐकताना विश्वास बसत नाही. त्याच्या उद्दामपणाला कंटाळून ढोलवादक बिली निघून जातो. जोईचे तिन्ही गायिकांशी जुळलेले नाजूक संबंध आगीत तेल ओततात. धर्मग्रामात ज्यांनी गायनवृंद चालविला आहे, त्यांना ही भांडणे अपरिचित वाटणार नाहीत. आवाज एकमेकांत मिसळणे सोपे असते. अहंकार मिसळणे कठीण.

अशात विल्सन पिकेट डब्लिनला कार्यक्रमासाठी येतात. ते आपले जुने स्नेही असून रात्री आपल्या क्लबमध्ये येऊन गातील, असे जोई वचन देतो. जिमी वार्ताहरांनाही तसे सांगून बसतो. रात्र चढते, पाहुणा येत नाही. ताटकळलेल्या मुलांच्या मनातील साचलेली अढी उफाळते, गोष्ट हातघाईवर येते आणि त्या रात्रीच बँड संपतो. जिमी एकटा रस्त्याने चालू लागतो, तोच एक लांबलचक मोटार त्याच्याजवळ थांबते आणि आतून त्याच क्लबचा पत्ता विचारला जातो. पिकेट आलेले असतात. वचन खरे होते. ते स्वीकारायला मात्र आता कोणी उरलेले नसते.

शुभवर्तमानातील दहा कुमारिकांचा दाखला येथे आठवल्यावाचून राहत नाही. वर उशिरा आला, तोवर काहींच्या दिव्यांतील तेल सरले होते. या मुलांपाशी गुण होते, कष्टांची तयारी होती, श्रोतेही होते. एकमेकांना आणखी तासभर सांभाळून घेण्यापुरते तेल तेवढे उरले नव्हते. बँड वचनभंगाने फुटला नाही, तर वाट पाहता न आल्याने फुटला, हेच आमच्या मते या चित्रपटाचे खरे सांगणे आहे.

लेखक-दिग्दर्शकांची खोडी अशी की, जोई खरा ठरतो न ठरतो तोच ते पुन्हा संशयाला जागा करून देतात. शेवटी कळते की, जो टेक्स या गायकाबरोबर आपण दौऱ्यावर असल्याचे पत्र जोईने अमेरिकेहून आपल्या आईला धाडले आहे. आणि जो टेक्स तर १९८२ सालीच निवर्तलेले! म्हणजे हा दूत अर्धा खोटा, अर्धा दुबळा. पण त्याने आणलेला निरोप मात्र खरा. बँडच्या यशाला महत्त्व नव्हते, तू या पोरांना आयुष्याकडून अधिक काही मागायला शिकविलेस, अशा आशयाचे तो जिमीला जे सांगतो ते खोडून काढता येत नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. आयरिश हे युरोपचे कृष्णवर्णीय, डब्लिनकर आयर्लंडचे आणि उत्तर डब्लिनचे लोक डब्लिनचे, असे जिमी आपल्या सोबत्यांना पटवितो. वाक्य झकास आहे, पण बेकारी आणि गुलामगिरी यांना एका तागडीत घालणे बरोबर नव्हे. ज्यांचे सूर उसने घेतले त्यांच्या दुःखाची चौकशी करायला चित्रपट थांबत नाही. दुसरे असे की, तिन्ही गायिका तडफदार असूनही कथा त्यांना जोईच्या नादी लावून मोकळी होते. लहान मुलांनी गजबजलेल्या घरात अडकलेल्या बर्नीच्या वाट्याला आणखी चार दृश्ये आली असती, तर चित्रपटाचा कस वाढला असता. संवादांतील शिव्यांचा भडिमार पाहता लहान मुलांना तो दाखवू नये, हेही येथे नमूद करतो.

पार्कर यांनी बहुतेक भूमिकांसाठी नटांऐवजी डब्लिनमधील गाणारी-वाजविणारी मुले निवडली. त्यामुळे सुरुवातीची बेसूर तालीम खोटी वाटत नाही आणि पुढची रंगलेली मैफलही. ब्रिटिश चित्रपट अकादमीने सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार पारितोषिके देऊन त्याचा गौरव केला. त्यात गिटारवादक औटस्पॅनचे काम करणारा ग्लेन हान्सार्ड हा प्रत्यक्षात रस्त्यावर गाणारा मुलगा. २००८ साली ‘वन्स’ या चित्रपटातील गीतासाठी त्याने ऑस्करवर नाव कोरले. पडद्यावरचा औटस्पॅन मात्र शेवटी पुन्हा रस्त्यावर गाताना दिसतो. दोघांपैकी यशस्वी कोण, हा प्रश्न चित्रपट विचारीत नाही, कारण गाणे दोघांचेही थांबलेले नाही. आपल्या घरातील एखादा मुलगा गिटार घेऊन रात्री उशिरा परतत असेल, तर यातून काय मिळणार असे त्याला विचारण्यापूर्वी आईवडिलांनी हा चित्रपट एकदा पाहावा, अशी आमची शिफारस आहे.