इटालियन शिकताना मराठी कुठे ठेवायची?

इटालियन शिकायला घेतलेल्या माणसाला कोणी ना कोणी झुंपा लाहिरींचं 'इन अदर वर्ड्स' वाचायला सांगतंच. विद्यापीठातल्या नवशिक्यांच्या वर्गात माझा पहिला महिना संपायच्या आत मला ते तीन जणांनी सुचवलं. पुस्तक सुंदर आहे आणि ते वाचून इटालियनबद्दलची ओढ नक्की वाढते. पण शिकणाऱ्याने त्यातली एक गोष्ट जशीच्या तशी उचलू नये, असं मला वाटतं. ती म्हणजे, नवी भाषा शिकायची तर कोऱ्या पाटीने जायचं, आधीच्या भाषा दाराबाहेर ठेवायच्या, ही कल्पना.

आधी पुस्तकाविषयी. लाहिरींचा जन्म लंडनचा, वाढल्या अमेरिकेत, घरची भाषा बंगाली, लेखनाची इंग्लिश. 2000 साली त्यांना पुलित्झर मिळालं. 1994 मध्ये त्या पहिल्यांदा फ्लॉरेन्सला गेल्या, तेव्हा जाताना एक छोटा खिशातला शब्दकोश घेतला होता. पुढची जवळपास वीस वर्षं त्या अमेरिकेत खासगी शिक्षिकांकडे इटालियन शिकत राहिल्या. 2012 मध्ये कुटुंबासह रोमला राहायला गेल्या. जायच्या आधीच काही महिने त्यांनी इंग्लिश वाचणं थांबवलं. मग थेट इटालियनमध्ये लिहिलेलं 'इन आल्त्रे पारोले' 2015 मध्ये आलं. त्याचं इंग्लिश भाषांतर त्यांनी स्वतः केलं नाही. इंग्लिश हातात आली की आपण मूळ मजकूर सुधारत बसू, अशी त्यांना धास्ती होती. ते काम अ‍ॅन गोल्डस्टाइन यांनी केलं. इंग्लिश आवृत्तीत एका बाजूला इटालियन आणि समोर इंग्लिश आहे. आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना ही मोठीच सोय. डावीकडचं वाचायचं, अडलं की उजवीकडे डोळा टाकायचा.

पुस्तकातलं सगळ्यात प्रामाणिक प्रकरण 'भिंत' या नावाचं आहे. सालेर्नोतल्या एका दुकानात विक्रेती लाहिरींशी बोलते, मग त्यांच्या नवऱ्याशी. नवऱ्याचं इटालियन लाहिरींच्या मानाने कच्चं. पण त्यांचं नाव आल्बेर्तो, चेहरा तिथे खपून जाणारा. विक्रेती कौतुक करते ते त्यांच्या इटालियनचं. वीस वर्षांच्या अभ्यासावर कातडीचा रंग भारी पडतो, हे लाहिरी कसलाही गहिवर न आणता सांगतात. भारतातून इटलीला शिकायला जाणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण व्हिसाच्या कागदांसोबत ठेवावं. भाषा येणं आणि ती आपल्याला येते हे समोरच्याने मान्य करणं, या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. विद्यापीठ फक्त पहिलीची तयारी करून घेतं.

माझी शंका सुरू होते ती 'अपूर्ण' या प्रकरणापाशी. इटालियनमध्ये भूतकाळाची दोन रूपं रोज लागतात. एक, घडून संपलेल्या गोष्टीचं. दुसरं 'इम्पेर्फेत्तो', म्हणजे शब्दशः अपूर्ण. कुठे कोणतं वापरायचं हे लाहिरींना काही केल्या पक्कं होत नाही. मग त्या या शब्दाशीच स्वतःला जोडून घेतात: मीही अशीच, अपूर्ण. निबंध म्हणून हे वळण छान आहे. पण वर्गात बसलेल्या माझ्या मनात वेगळाच प्रश्न आला. हे इतकं अवघड का वाटावं?

'ला नोन्ना राक्कोन्तावा' म्हणजे आजी गोष्ट सांगायची. 'प्योवेवा' म्हणजे पाऊस पडत होता. 'ला कासा एरा ग्रान्दे' म्हणजे घर मोठं होतं. तिन्ही ठिकाणी इम्पेर्फेत्तो. इंग्लिशमधून शिकणारा 'टोल्ड'पाशी अडतो, कारण आजीने काल एकदा सांगितली आणि आजी रोज सांगायची, या दोन्हींना ते एकच रूप चालून जातं. मराठीत 'सांगितली' आणि 'सांगायची' यांत गोंधळ होणं अशक्य. शाळेत आपण 'मी जात असे'ला रीती भूतकाळ आणि 'मी जात होतो'ला अपूर्ण भूतकाळ म्हणत घोकलेलं असतं. परीक्षेनंतर ती नावं विसरली, तरी तो भेद जिभेवर असतोच. इटालियन या दोन्हींना एका रूपात बसवते, एवढंच नवीन.

आणि हे एकच उदाहरण नाही. 'आवडणे' घ्या. 'मी प्याचे इल लिब्रो'. इथला 'मी' म्हणजे आपला 'मला', हा योगायोग आधी गोंधळात टाकतो आणि मग कायमचा लक्षात राहतो. मला पुस्तक आवडतं. पुस्तकं अनेक झाली की 'मी प्याचोनो ई लिब्री', मला पुस्तकं आवडतात. क्रियापद आवडणाऱ्या माणसामागे जात नाही, आवडलेल्या वस्तूमागे जातं. इंग्लिशमधून येणाऱ्यांना यासाठी वाक्य उलटं करून समजावतात: पुस्तक मला आनंद देतं, वगैरे. मराठी माणसाला उलटं करायचं कारणच नाही. त्याचं वाक्य आधीपासून तसंच आहे.

भूतकाळात तर गंमत वाढते. बाई म्हणते 'सोनो आंदाता', पुरुष म्हणतो 'सोनो आंदातो'. मी गेले, मी गेलो. पण सकर्मक क्रियापद आलं आणि कर्माचं सर्वनाम आधी बसलं, की रूप कर्माप्रमाणे बदलतं. 'ला क्यावे? लो पेर्सा.' किल्ली? मी हरवली. 'ले क्यावी? ले ओ पेर्से.' किल्ल्या? मी हरवल्या. इटालियन हे सर्वनाम आधी आल्यावरच करते, मराठी एरवीही करते. पण 'मी' पुरुष असो की बाई, किल्ली हरवली की 'हरवली'च, हे मराठी कानाला पटवून द्यावं लागत नाही.

मराठी सगळीकडे हात देते असं नाही. इटालियनमध्ये नामाआधी 'इल', 'लो', 'ला' यांपैकी काय लावायचं याबाबत आपल्याकडे काहीच शिदोरी नाही. लिंगं आपल्याला तीन, त्यांना दोन. आणि 'हात' तिकडे स्त्रीलिंगी, तेही शेवटी 'ओ' असून: 'ला मानो'. इथे पाठांतराला पर्याय नाही. पण नामाला लिंग असतं, ते वस्तूकडे बघून कळत नाही आणि विशेषणाला त्याच्यामागे जावं लागतं, हे धक्के तरी आपल्याला बसत नाहीत. म्हणून 'कम्प्लीट बिगिनर' हे अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकावरचं लेबल मला अर्धंच खरं वाटतं. इटालियनचे शून्य शब्द येतात, एवढाच त्याचा अर्थ. वाक्यं कशी बनतात याबाबत शून्य कोणीच नसतो.

आता पुन्हा लाहिरींकडे. बंगालीतही 'आवडतं' म्हणताना 'आमार भालो लागे' म्हणतात. माणूस कर्ता नसतो. बंगालीतही रीती भूतकाळ आहे: 'कोरताम', म्हणजे मी करायचो. जो भेद त्यांना रोममध्ये छळत होता, त्यातला निम्मा तरी त्या लहानपणी घरात रोज बोलत होत्या. बंगालीची आठवण या पुस्तकात पुन्हा पुन्हा येते, पण ती आई म्हणून. इंग्लिश सावत्र आई, आणि इटालियन ही दोघींपासून पळून जायची वाट. व्याकरणाची मदत म्हणून बंगाली आलेली मला तरी सापडली नाही.

यावर कोणी म्हणेल की लाहिरी आत्मकथन लिहीत होत्या, व्याकरणाचं पुस्तक नाही. बरोबर आहे. शिवाय कारणही त्या लपवत नाहीत. बंगाली त्यांना नीट लिहिता-वाचता येत नाही, बोलताना परके उच्चार येतात. जी भाषा फक्त घरात आणि अपराधी भावनेने वापरली, ती अभ्यासाच्या टेबलावर येतच नाही. मला या पुस्तकातली सगळ्यात मोठी खंत हीच वाटते, आणि ती फक्त लाहिरींची नाही. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणांची मराठी याच जागी उभी आहे. आईच्या फोनपुरती आणि फॅमिली ग्रुपपुरती. तिसरी भाषा शिकताना ती उपयोगी पडेल, असं कोणी सुचवतही नाही. वर्गात शिक्षिका शंका इंग्लिशमधून सोडवतात, वहीतले अर्थ इंग्लिशमध्ये, अ‍ॅपही इंग्लिशमधून. मग आपणच 'मला आवडतं' आधी इंग्लिशमध्ये नेतो, तिथे त्याची मोडतोड होते आणि ते इटालियनमध्ये पुन्हा जोडतो. वळसा घालून शेजारच्या घरी जाण्यातला हा प्रकार.

दुसरी वाट आहे, आणि ती इटालियन साहित्यातच आहे. अमारा लाखूस हे अल्जीरियात जन्मलेले लेखक 1995 मध्ये इटलीत आले. पिआत्सा व्हित्तोरिओ या रोमच्या स्थलांतरितांच्या चौकातल्या एका लिफ्टवरून होणाऱ्या भांडणांची आणि खुनाची त्यांची कादंबरी आधी अरबीत लिहिली गेली. मग त्यांनीच ती इटालियनमध्ये पुन्हा लिहिली, आणि ती 2006 मध्ये आली. तिचं इंग्लिश भाषांतरही गोल्डस्टाइन यांचंच. लाखूस अरबी सोडून इटालियनमध्ये येत नाहीत, ती सोबत आणतात. कादंबरीत प्रत्येक रहिवासी आपापलं सत्य सांगतो आणि एकाच इटालियनमध्ये वेगवेगळी गावं बोलू लागतात. पुस्तक गर्दीने भरलेलं आहे, विनोदी आहे.

त्याच्या शेजारी लाहिरींची 2018 मधली 'दोवे मी त्रोवो' ठेवून बघा. निनावी शहर, निनावी बाई, छोटी प्रकरणं, त्यांची शीर्षकं म्हणजे बाई कुठे आहे ते. सगळं शांत, मोजकं, रिकामं. नवशिक्याची भाषा अशीच असते: मी कुठे आहे, काय दिसतं, काय घेतलं. लाहिरींनी त्या मर्यादेतून एक शैली घडवली, हे त्यांचं खरं यश. ही कादंबरी मला 'इन अदर वर्ड्स'पेक्षा जास्त आवडते, कारण तिथे शिकण्याबद्दल बोलणं थांबतं आणि शिकलेलं कामाला लागतं. त्या कादंबरीचं इंग्लिश भाषांतर मात्र त्यांनी स्वतः केलं. ते 2021 मध्ये आलं. त्याआधी दोमेनिको स्तार्नोने यांच्या कादंबऱ्याही त्यांनी इंग्लिशमध्ये आणल्या होत्या. ज्या भाषेपासून पळाल्या, तिच्याकडे त्या भाषांतरकार म्हणून परतल्या. म्हणजे कोरी पाटी त्यांचीही फार काळ कोरी राहिली नाही.

म्हणून 'इन अदर वर्ड्स' वाचाच, पण इम्पेर्फेत्तोचा धडा झाल्यावर. डावीकडचं पान वाचताना लगेच उजवीकडे जायच्या आधी ते वाक्य एकदा मराठीत म्हणून बघा. पुष्कळदा ते आहे तसंच बसेल. जिथे बसणार नाही, तिथे पेन्सिलीने खूण करा. तेवढंच खरं नवीन असतं, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तेवढंच पाठ करावं लागतं.