उमरावांची खतावणी

इंग्रज माणूस आपल्या घराण्याबद्दल चारचौघांत फारसं बोलत नाही, अशी त्याची ख्याती आहे. ती खरी असावी. जे छापून ठेवलंय ते पुन्हा तोंडानं कशाला सांगायचं? जॉन बर्क नावाच्या गृहस्थानं १८२६ साली तिथल्या उमराव घराण्यांची जंत्री आद्याक्षरांच्या क्रमानं लावून प्रसिद्ध केली. 'बर्क्स पीअरेज' हे तिचं चालू नाव. २००३ साली निघालेली तिची १०७ वी आवृत्ती तीन खंडांची आहे. आपल्याकडे कवितासंग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली तर प्रकाशक पेढे वाटतो!

या ग्रंथाचं परीक्षण करायला साहित्यातले मातब्बर समीक्षक सहसा पुढे येत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. कथानक नाही, संवाद नाहीत, चांदणं नाही, पाऊस नाही. पात्रं मात्र महाभारतानं हात टेकावेत इतकी. पण मी पडलो बँकेतला कारकून. रेघा मारलेल्या कागदावरची नावं आणि आकडे वाचण्यात ज्याचं उभं तारुण्य गेलं, त्याला याहून रसाळ वाङ्मय कुठलं? शिवाय खतावणी वाचायची एक रीत असते. लिहिलेलं कुणीही वाचतो. न लिहिलेल्या जागी बोट ठेवणं, याला तपासणी म्हणतात. तेवढंच करतो.

प्रथम शैलीविषयी. लेखक मितभाषी आहे. जन्म एका अक्षरात, लग्न एका अक्षरात, मरण एका अक्षरात. 'डी. एस. पी.' ही तीन अक्षरं तर जागोजागी भेटतात. मला आधी वाटलं, वा! काय घराणं आहे, घरटी एक पोलिसप्रमुख! पण ही अक्षरं लॅटिन आहेत आणि त्यांचा अर्थ 'निपुत्रिक वारले' असा. तीन अक्षरांत एका जोडप्याचं सगळं दुःख बसवणारा हा लेखक आमच्या हेड ऑफिसात सर्क्युलरं लिहायला असता, तर कागदाची केवढी बचत झाली असती.

आता नमुन्यादाखल एकच खातं उघडतो. खातेदाराचं नाव कॅव्हेंडिश, हुद्दा ड्यूक ऑफ डेव्हनशर.

सुरुवातीलाच पत्त्याचा घोळ. नाव डेव्हनशरचं, पण वाडा डर्बीशर परगण्यात. वाड्याचं नाव चॅट्सवर्थ. छप्परच १.३ एकर, म्हणजे आपल्याकडे ज्याला शेतकरी म्हणतात त्याच्या शेताएवढं. भोवती डर्बीशरमध्येच सुमारे ३५ हजार एकर जमीन. खऱ्या डेव्हन परगण्यात 'अर्ल ऑफ डेव्हन' म्हणून एक वेगळं, कोर्टनी नावाचं घराणं नांदतं. आमच्या काउंटरवर पत्त्याचा पुरावा म्हणून ही पदवी आणली असती, तर ड्यूकसाहेबांना रेशनकार्ड आणायला परत पाठवलं असतं.

आता पहिली नोंद. सर विल्यम कॅव्हेंडिश. आठव्या हेन्री राजानं इंग्लंडातले मठ बंद करून त्यांची मालमत्ता जप्त केली, त्या कामातले हे एक अधिकारी. मठांची मोजदाद करता करता यांचीही मोजदाद वाढली. पुढे राजाच्या खजिन्याची किल्ली हाती आली आणि १५५७ साली हिशेब तपासला तेव्हा पाच हजार पौंडांहून जास्त तूट निघाली! त्या काळचे पाच हजार. त्याच साली सर विल्यम वारले. आमच्याकडे अशी तूट निघाली की माणूस सस्पेंड होतो. तिकडे घराणं सुरू झालं.

पण घराणं खऱ्या अर्थानं सुरू केलं ते त्यांच्या तिसऱ्या बायकोनं. हार्डविकची बेस. चार लग्नं केली बाईनं. दुसरा नवरा हे सर विल्यम. चौथा श्रूजबरीचा अर्ल, देशातल्या बड्या श्रीमंतांपैकी. प्रत्येक लग्नागणिक बाईंच्या खात्यातली शिल्लक वाढत गेली. चॅट्सवर्थची जागा १५४९ साली सहाशे पौंडांना घेतली, ती बेसच्या आग्रहावरून. कारण तिचं माहेर डर्बीशरचं. नवऱ्याच्या माघारी ती सरकारी तूट निस्तरणं आलं तेही तिच्याच वाट्याला. सत्तरीला टेकल्यावर तिनं 'हार्डविक हॉल' नावाचा दुसरा वाडा पुरा केला आणि त्याच्या मनोऱ्यांवर स्वतःच्या नावाची आद्याक्षरं दगडात कोरून घेतली. ही बाई द्रष्टी होती. पुस्तकात आपल्याला 'अमक्याची कन्या' एवढीच जागा मिळणार, हे तिनं ओळखलं असावं. म्हणून तिनं कागदावर भरवसा ठेवला नाही.

पुढच्या नोंदी बढतीच्या आहेत. १६०५ साली मुलगा बॅरन झाला, १६१८ साली अर्ल. या दुसऱ्या बढतीसाठी पहिल्या जेम्स राजाला दहा हजार पौंड मोजले, असं इतिहासकार सांगतात. 'बर्क' तारीख देतो, पावती देत नाही. चौथ्या अर्लनं १६८८ साली सहा जणांच्या जोडीनं हॉलंडच्या विल्यमला पत्र धाडून इंग्लंडच्या गादीवर बोलावलं. विल्यम आला, राजा झाला आणि १६९४ साली पत्रलेखकाला ड्यूक केलं. पत्राच्या टपालखर्चावर एवढा परतावा दुसऱ्या कुणाला मिळाल्याचं मला तरी ठाऊक नाही.

आता मी ज्या पानावर बराच वेळ थांबलो, त्याबद्दल. चौथ्या ड्यूकच्या नावापुढे १७४८ साली लग्न, शार्लट बॉइल, बर्लिंग्टनच्या अर्लची कन्या. एक ओळ. लग्नाच्या वेळी मुलगी सोळा वर्षांची. १७५३ साली तिचे वडील वारले आणि तिच्या पदरात काय काय पडलं म्हणता? लंडनचं बर्लिंग्टन हाउस, चिझिकची हवेली, यॉर्कशरमधलं बोल्टन ॲबी आणि आयर्लंडातला लिझमोरचा किल्ला, सगळा जमीनजुमल्यासकट. पुढच्याच साली, १७५४ च्या डिसेंबरात, ती वारली. वय तेवीस. मागं चार मुलं. आणि ही अख्खी मिळकत कॅव्हेंडिशांकडे आली. नवरा तर तिच्या वडिलांपाठोपाठ नव्हे, स्वतःच्या वडिलांपाठोपाठ पुढच्या वर्षी ड्यूक झाला; म्हणजे बिचारीला 'डचेस' ही पदवीही लाभली नाही. बोल्टन ॲबी आणि लिझमोर अजूनही त्या घराण्याकडे आहेत. आमच्या बँकेत दहा हजारांची ठेव ठेवणाऱ्या आजींनाही मॅनेजर चहा विचारतो. इथं तीन-चार परगण्यांतली मिळकत आणणाऱ्या मुलीला एक ओळ, तीही बापाच्या ओळखीनं. माझी या ग्रंथाबद्दलची मुख्य तक्रार काय आहे, हे आता लक्षात आलं असेल. यात जमेच्या बाजूला फक्त पुरुषांची नावं आहेत. रक्कम भरली कुणी, ते व्हाउचर फायलीत नाही.

पाचव्या ड्यूकचं पान तर सभ्यतेचा कळस. लग्न पहिलं, जॉर्जिआना स्पेन्सर, मृत्यू १८०६. लग्न दुसरं, एलिझाबेथ फॉस्टर, १८०९. वाचणाऱ्याला वाटावं, केवढा संयमी पुरुष! तीन वर्षं दुखवटा पाळून मग बोहल्यावर चढला. वस्तुस्थिती अशी की एलिझाबेथबाई पहिलीची जिवलग मैत्रीण म्हणून १७८२ पासूनच त्या बिऱ्हाडात होत्या आणि ड्यूकपासून त्यांना मुलंही झाली होती. आणि जॉर्जिआनाबाई? पत्त्यांत हरलेल्या पैशांचं कर्ज लपवता लपवता त्यांचा जन्म गेला. बाईमाणसानं राजकारणात पडायचं नाही अशा काळात, १७८४ च्या निवडणुकीत लंडनच्या गल्ल्याबोळांतून मतं मागत हिंडल्या, म्हणून व्यंगचित्रकारांनी त्यांना फाडून खाल्लं. दोन तारखांच्या मधे एवढी मोठी कादंबरी आहे आणि ग्रंथकारानं तिथं स्वल्पविराम टाकलाय.

एक गोष्ट मात्र हा ग्रंथ फार चोख समजावतो, ती म्हणजे उसनी पदवी. ड्यूक जिवंत असेतो थोरला मुलगा बापाच्या दुय्यम पदव्यांपैकी एक वापरतो; कायद्यानं मात्र तो तुमच्या-आमच्यासारखाच सामान्य. म्हणजे 'ऑफिशिएटिंग' म्हणा ना! साहेबाच्या खुर्चीत बसायचं, पगार कारकुनाचा. आठवे ड्यूक अशा रीतीनं कितीतरी वर्षं 'मार्क्विस ऑफ हार्टिंग्टन' म्हणून हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसले. १८८० ते १८८२ या काळात ते हिंदुस्थानचे मंत्री होते, म्हणजे आपल्या पणजोबांचे साहेब. पंतप्रधानपद त्यांनी तीनदा नाकारलं. लॉर्डांच्या सभेत आपण भाषण करतोय असं त्यांना स्वप्न पडलं आणि जाग आली तर खरोखरच करत होते, असा किस्सा त्यांच्या नावावर सांगतात. आपल्या पणजोबांचा कारभार कुठल्या अवस्थेत चालला होता, याची त्यावरून कल्पना यावी.

धाकट्या मुलांची तऱ्हा निराळी. वाडा, जमीन, चित्रं, सगळं थोरल्याला. धाकट्याला नावामागं 'लॉर्ड' आणि पुढं रस्ता. आपल्याकडे भावाभावांत विहिरीचेही हिस्से पडतात, आंब्याच्या फांद्याही वाटल्या जातात. तिकडे वाटणी नाही, म्हणून वाडा उभा राहिला. अशाच एका धाकट्या पातीत हेन्री कॅव्हेंडिश निपजला, दुसऱ्या ड्यूकचा नातू. हायड्रोजन हा वेगळा वायू आहे हे दाखवणारा, १७९८ साली प्रयोगशाळेत बसून पृथ्वीची घनता काढणारा. स्वभावानं इतका लाजाळू की घरातल्या मोलकरणीशी चिठ्ठ्यांनी बोलायचा. त्याच्या खात्यात ऐंशी हजार पौंड साचले तेव्हा बँकवाले काळजीनं घरी गेले, 'हे कुठं गुंतवायचं?' म्हणून विचारायला. तर साहेब म्हणाले, त्या पैशाचा त्रास होत असेल तर काढून घेतो, पण मला छळू नका, अशी हकिकत आहे. असं गिऱ्हाईक आमच्या काउंटरला एकदा तरी यावं! 'बर्क'च्या लेखी मात्र तो अविवाहित. पृथ्वीचं वजन करणाऱ्याचं या तराजूत वजन शून्य.

१८७७ साली एडवर्ड फ्रीमन या इतिहासकारानं असल्या ग्रंथांतल्या खोट्या वंशावळींवर सणसणीत कोरडे ओढले होते आणि पुढच्या आवृत्त्यांत बरीच सफाईही झाली. माझं म्हणणं त्याहून वेगळं आहे. इथं नोंदी खऱ्या आहेत. ताळेबंद तेवढा मांडलेला नाही.

तो शेवटी सरकारनं मांडला. या घराण्याचं बोधवाक्य लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ, 'सावध राहील तो सुरक्षित राहील'. बँकेच्या दारावर लावण्यासारखं! दहाव्या ड्यूकनं त्याला जागून १९४६ साली वारसाकर वाचावा म्हणून मिळकत कंपनीच्या नावे केली. अट एकच, पुढं पाच वर्षं जगायचं. १९५० च्या नोव्हेंबरात ते लाकडं फोडता फोडता वारले. काही आठवडे कमी पडले. कर ऐंशी टक्के! थोरला मुलगा १९४४ च्या लढाईत बेल्जियममध्ये पडला होता, तेव्हा हे बिल धाकट्या अँड्र्यूच्या हाती आलं. हजारो एकर विकली गेली. बेसनं दगडात नाव कोरलेला हार्डविक हॉल १९५९ साली नॅशनल ट्रस्टकडे गेला. आणि १९५७ साली जी चित्रं सरकारजमा झाली त्यांत हॉल्बाइननं काढलेलं आठव्या हेन्रीचं मोठं रेखाचित्रही होतं. हेन्रीच्या चाकरीतून जे मिळालं, त्याचा हप्ता हेन्रीच्याच तसबिरीनं फेडला. चारशे वर्षांनी का होईना, कंट्रा एंट्री पडली. १९७७ साली डचेसबाईंनी शेतमालाचं दुकान काढलं. १९८१ साली चॅट्सवर्थ एका धर्मादाय ट्रस्टला ९९ वर्षांच्या कराराने दिला गेला आणि तेव्हापासून ड्यूकचं घराणं स्वतःच्या वाड्यात बाजारभावानं भाडं भरून राहतं. मालक आणि भाडेकरू यांच्यात वाद नाही असं हे माझ्या पाहण्यातलं एकमेव घर.

राहता राहिले सहावे ड्यूक. लग्न केलं नाही, मूल नाही. १८५८ साली वारले आणि पदवी चुलत पुतण्याकडे गेली. वंशावळीच्या हिशेबी फांदी खुंटली. पण या गृहस्थांना बागेचा नाद. त्यांचा माळी जोसेफ पॅक्स्टन यानं मॉरिशसकडून आलेलं केळीचं एक रोप चॅट्सवर्थच्या काचघरात वाढवलं, १८३५ साली त्याला लोंगर धरवला आणि मालकाचं आडनाव त्या केळीला लागलं. जगातल्या बाजारात आज जी केळी येतात त्यांतली निम्मी-अर्धी या कॅव्हेंडिश जातीची. आपल्या जळगावकडची बसराई त्याच गोतातली, आणि हल्ली जिचा बोलबाला आहे ती ग्रँड नैनही.

या केळ्यात बी नसते. मुनव्यांवर किंवा प्रयोगशाळेतल्या रोपांवर वंश चालतो. बाप कोण, थोरला कोण, पदवी कुणाची, काही भानगड नाही. रावेर-यावलच्या मळ्यांत हे खानदान बिनबोभाट पसरलंय आणि डझनाच्या भावानं कुणाच्याही घरी जातं. तीन खंड उलटून पाहिल्यावर माझी ग्रंथकाराला एवढीच सूचना आहे: पुढच्या आवृत्तीत सहाव्या ड्यूकच्या नावापुढचं ते 'डी. एस. पी.' तेवढं खोडावं.