‘आम्ही दिसलो’ म्हणजे कोण दिसले?

‘मिस मार्व्हल’ ही सहा भागांची अमेरिकन मालिका २०२२ साली ८ जून ते १३ जुलै या काळात दाखविली गेली. न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटीत राहणारी सोळा वर्षांची पाकिस्तानी-अमेरिकन मुसलमान मुलगी कमला खान ही तिची नायिका. अतिमानवी शक्ती लाभलेल्या शाळकरी पोरीच्या मालिकेचा विचार गंभीर वाङ्मयीन नियतकालिकाने करावा काय, असे काही प्राध्यापक मित्र विचारतील. माझे म्हणणे एवढेच की, तरुण पिढी ज्यावर भांडते त्याविषयी आपण मौन धरले, तर त्याचा अर्थ दुसरे कोणी तरी लावून मोकळे होतात. आणि मला येथे मालिकेपेक्षा तिच्या प्रेक्षकांविषयी अधिक बोलायचे आहे.

व्यावसायिक समीक्षकांनी ही मालिका जवळजवळ एकमुखाने उचलून धरली. ‘रॉटन टोमॅटोज’च्या हिशेबात अनुकूल परीक्षणांचे प्रमाण शेकडा ९८ च्या आसपास होते. ‘आयएमडीबी’वर मात्र पहिला भाग येताच दहापैकी एक गुण देणाऱ्यांची रांग लागली. पाच भाग यायचे बाकी असताना हा निकाल लागला होता! त्यांच्या तक्रारींचा मथितार्थ असा की हे सारे ओढूनताणून केलेले आहे, यात राजकारण आहे, हे आमच्यासाठी नाही. १९६२ मध्ये कोळी चावलेला न्यूयॉर्कचा गोरा पोरगा मात्र साठ वर्षे साऱ्या जगासाठी होता. त्याची परीक्षेची चिंता, त्याच्या चाचीचे घरभाडे, त्याचे प्रेम हे ‘मानवी’ ठरले. तेच सारे जर्सी सिटीतल्या सावळ्या मुलीच्या वाट्याला आले की ते ‘त्यांचे’ होते.

हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. मराठीत वाड्यातल्या माजघराचे दुःख हे मनुष्यमात्राचे दुःख मानले गेले आणि वस्तीतल्या भुकेला ‘सामाजिक दस्तऐवज’ म्हणून बाजूच्या फडताळात ठेवण्यात आले. ज्याला आपला अनुभव म्हणजेच विश्व असे वाटते, त्याला दुसऱ्याचा अनुभव ही प्रचारपत्रिकाच वाटणार. तेव्हा या एक-गुणवाल्यांशी फार वेळ वाद घालण्यात मला रस नाही.

परंतु नापसंती दाखविणारे सगळेच या रांगेत उभे नव्हते. मूळ चित्रकथा वाचलेल्यांची एक तक्रार होती आणि मालिकेच्या समर्थकांनी तिला किरकोळ हट्ट म्हणून उडवून लावले. मला ती सर्वांत मोलाची वाटते. कमला खान २०१३ मध्ये मार्व्हलच्या चित्रकथेत आली. २०१४ मध्ये तिचे स्वतंत्र पुस्तक सुरू झाले. लेखिका जी. विलो विल्सन, संपादिका सना अमानत, चित्रकार एड्रियन अल्फोना. २०१५ मध्ये या कथेला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. तेथे कमलाचे शरीरच ताणले जाते, फुगते, आकसते. आणि शक्ती मिळताच ती पहिल्यांदा काय होते? सोनेरी केसांची गोरी कॅरल डॅन्व्हर्स! मनात खोलवर जे सौंदर्य आणि सामर्थ्य म्हणून कोरले गेले आहे, तेच तिच्या कातडीवर उमटते. ते अंगाला बसत नाही, हे तिला हळूहळू कळते आणि मग ती स्वतःच्या ओबडधोबड देहाने लढू लागते. दुसऱ्याच्या रूपात गेल्याखेरीज बळ येत नाही, ही समजूत किती आत शिरलेली असते, हे या एका प्रसंगात आले आहे.

मालिकेने हे काढून टाकले. तेथे पणजीचे कडे हातात येते आणि त्यातून जांभळट प्रकाशाच्या पायऱ्या फुटतात. दिसायला सुंदर. पण शरीराची लाज गेली आणि तिच्याबरोबर शरीराचा झगडाही गेला. उरला तो खानदानी दागिना. शेवटच्या भागात तर हे तिच्या जनुकांतच आहे, असे सांगितले जाते. चित्रकथेतही शक्तीचे मूळ रक्तात होते, हे मान्य केले पाहिजे. तरीही तेथे कथेचा भर रक्तावर नव्हता, निवडीवर होता. मालिकेत मात्र कमला आपण कोण हे शोधायला निघते आणि पणजीपर्यंत जाऊन थांबते. जन्मावरून योग्यता ठरविणाऱ्या समाजात वाढलेल्या माणसाला हे खटकले नाही, तरच नवल.

आता मालिकेवर प्रेम करणाऱ्यांकडे वळू. पहिल्यांदाच आम्ही पडद्यावर दिसलो, हे त्यांचे मुख्य म्हणणे. मी त्याची थट्टा करणार नाही. मशिदीबाहेर चोरीला गेलेली चप्पल, ईदच्या जत्रेत कुजबुजणाऱ्या चाच्या, मुलीसाठी हिरव्या राक्षसाचा वेश चढविणारा बाप, भावाच्या लग्नातला नाच यांत बारकावा आहे, माया आहे. आईबापांची कामे करणारे झेनोबिया श्रॉफ आणि मोहन कपूर हे मूळ मुंबईचे कलावंत. पाकिस्तानात डिझ्नीची वाहिनी उपलब्ध नव्हती, म्हणून तेथे दोन-दोन भाग जोडून मालिका चित्रपटगृहांत दाखविण्यात आली. मालिकेतली कराची थायलंडमध्ये उभी केली आहे, हेही तेथल्या प्रेक्षकांनी ओळखले. आपले शहर दिसल्याचा आनंद आणि हे आपले शहर नव्हे हा चिमटा, दोन्ही एकाच वेळी. प्रेक्षक असा जागा असावा.

पण ‘आम्ही’ हा शब्द उच्चारला की, त्यात कोण बसले आणि कोण दाराबाहेर राहिले, हे विचारावेच लागते. आपल्यालाही तो विचारला गेला. १९८९ मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास पुढे आणला, तेव्हा पुस्तकाचे नाव ‘आम्हीही इतिहास घडवला’ असे ठेवावे लागले. तो ‘ही’ बाहेरच्यांना उद्देशून होता, तसाच घरच्यांनाही. मालिकेत हा ‘ही’ एका मुलीच्या तोंडी आहे. मशिदीत बायकांची बाजू पडझडीला आली आहे म्हणून कमलाची मैत्रीण नकिया विश्वस्त मंडळाच्या निवडणुकीला उभी राहते. मला तर सबंध मालिकेत हीच खरी शूर मुलगी वाटली. उलट, कमलाचा भाऊ काळ्या वंशाच्या मुलीशी लग्न करतो, पण आपल्या दक्षिण आशियाई घरांत रंगाविषयी जे बोलले जाते त्याची फारशी आच त्या मांडवाला लागत नाही. कौतुक करणारे यावर फार थांबले नाहीत.

पाचवा भाग सर्वांत गाजला. शरमीन ओबैद-चिनॉय यांनी तो दिग्दर्शित केला आहे. कमला १९४७ च्या त्या रात्री जाऊन पोहोचते. फलाटावर माणसांचा लोंढा, कराचीची शेवटची गाडी, गर्दीत हरवलेली चिमुकली सना. पुढे हीच कमलाची आजी होते. आजोळच्या कहाण्या पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिल्या, असे अनेक प्रेक्षकांनी म्हटले. मीही तो भाग एकटक पाहिला.

ज्या कराचीकडे ती गाडी निघाली आहे, त्या शहरातून त्याच सुमारास बाहेर पडू पाहणारी माणसेही होती. झाडूवाले आणि मैला वाहणारे. सिंधमध्ये अत्यावश्यक सेवांच्या कायद्याचा आधार घेऊन त्यांना भारतात जाण्यास मनाई करण्यात आली. भारताचे पाकिस्तानातील पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश यांनी पंतप्रधान लियाकत अली खान यांच्याकडे विषय काढला, तेव्हा हे लोक गेले तर कराचीचे रस्ते आणि संडास साफ कोण करणार, असे उत्तर मिळाल्याची नोंद त्यांनी आपल्या आठवणींत केली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये नेहरूंना पत्र लिहून पाकिस्तानात अडकवून ठेवलेल्या अस्पृश्यांचा प्रश्न मांडला. उर्वशी बुटालिया यांनी १९९८ मधल्या आपल्या फाळणीवरील ग्रंथात हे प्रकरण सविस्तर दिले आहे. म्हणजे सामग्री नव्हती, असे नाही. फाळणीत कोणाला जबरदस्तीने हाकलले गेले आणि कोणाला जबरदस्तीने ठेवून घेतले गेले. दुसऱ्या प्रकारच्या माणसाची व्यथा पडद्यावर येण्यासाठी त्याच्या नातीला जर्सी सिटीत पोहोचावे लागते, आणि ती सहसा पोहोचत नाही.

चौथ्या भागात कमला कराचीला येते. मावसभावंडे तिला जेवायला बोट क्लबात नेतात. जीन्स घातल्यामुळे तिला आत प्रवेश मिळत नाही. हा प्रसंग विनोदी म्हणून घेतला आहे, आणि परदेशात वाढलेल्या मुलीची फजिती म्हणून प्रेक्षक त्याला हसले. क्लबाच्या दारावरचा नियम नायिकेच्या पोशाखापुरता घडीभर दिसला. त्या क्लबाच्या मागच्या दाराने रोज पहाटे कोण आत जाते, त्याची आजी १९४७ मध्ये कोणत्या फलाटापर्यंत पोहोचली होती आणि तिला कोणी परत पाठविले, हे कमलाच्या कड्याच्या उजेडात येत नाही. अनुकूल आणि प्रतिकूल अशी मी वाचलेली शेकडो मते चाळताना, हे विचारणारा प्रेक्षक मला एकही भेटला नाही.