बाईंनी नकार दिला, त्यानंतर : ‘शॅल वी डान्स?’ पाहताना

निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’मधला (२००५) माधव आपटे रोजच्या लोकलला आणि आजूबाजूच्या बेशिस्तीला विटतो आणि हातात बॅट घेतो. त्याच्या नऊ वर्षं आधी, १९९६ साली, मासायुकी सुओ या जपानी दिग्दर्शकाने अशाच एका नोकरदाराला पडद्यावर आणलं होतं. शोहेई सुगियामा हिशेबनीस आहे. घर घेतलंय, हप्ते चालू आहेत, बायको आहे, मुलगी आहे आणि रोज तीच गाडी आहे. तोही विटलाय, पण त्याला राग येत नाही, नुसतं रिकामं वाटतं. एका संध्याकाळी गाडीतून त्याला डान्स क्लासच्या खिडकीत बाहेर बघत उभी असलेली एक स्त्री दिसते. मग एक दिवस तो मधल्याच स्टेशनवर उतरतो आणि क्लासला नाव घालतो. सिनेमाचं नाव ‘शॅल वी डान्स?’.

चाळिशीतल्या माणसाला पुन्हा जगावंसं वाटतं, अशी गोड गोष्ट म्हणून या सिनेमाबद्दल बोललं जातं. ते खरंच आहे. पण सिनेमाचा कणा मला वेगळा वाटतो. शिकवणारी बाई आणि शिकायला आलेला पुरुष यांनी एकमेकांशी कसं वागायचं, हा त्याचा खरा प्रश्न आहे. जोडीच्या नाचात तो टाळताच येत नाही. हात धरल्याशिवाय, पाठीवर तळवा टेकवल्याशिवाय वॉल्ट्झ शिकवता येत नाही. तो स्पर्श हे शिकवणाऱ्याचं काम आहे आणि तास संपला की तोही संपतो. शिकवणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. शिकणाऱ्याला बऱ्याचदा नसतं.

सुगियामालाही नसतं. खिडकीतली ती स्त्री म्हणजे माई किशिकावा, या क्लासमधली शिक्षिका. त्याच्या वाट्याला मात्र येतात वयस्कर तामाको बाई. तरी एका रात्री तो माईला गाठतो आणि जेवायला चला म्हणतो. ती सरळ नकार देते. मी नाच गंभीरपणे करते, तुम्ही माझ्यासाठी क्लासला येत असाल तर ते मला नको आहे, अशा अर्थाचं ती बोलते. आवाज न चढवता, खोटी सबब न सांगता.

आपल्या कितीतरी सिनेमांत इथून नायकाचा पाठलाग सुरू झाला असता. सुओ तसं करत नाही. सुगियामा ओशाळतो, दुखावतो आणि तरीही क्लासला येतो, या वेळी खरंच नाच शिकायला. ऑफिसात टेबलाखाली त्याचे पाय चालू लागतात, प्लॅटफॉर्मवर तो स्टेप्स घटवतो. ‘नाही’ ऐकल्यावर माणूस काय करतो, यावरून तो विद्यार्थी आहे की नाही ते ठरतं. सिनेमातली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

माझी तक्रार पुढे सुरू होते. माई ब्लॅकपूलच्या स्पर्धेत पडली होती आणि जोडीदाराने आपल्याला सांभाळलं नाही हे तिच्या मनात सलत असतं. सुगियामाला स्पर्धेसाठी तयार करताना तिला उमगतं, की आपणच जोडीदारावर कधी विश्वास टाकला नव्हता. हे ती त्याला पत्रात लिहिते. पत्र सुंदर आहे, पण त्यामुळे तिचा आधीचा नकारही तिच्या दुखावलेपणाचं लक्षण वाटू लागतो, जणू ती बरी असती तर जेवायला गेली असती. खरं तर त्या नकाराला जुन्या जखमेची गरजच नव्हती. ती कामावर होती, एवढं कारण पुरेसं आहे.

शेवटच्या प्रसंगात सिनेमा सावरतो. माईच्या निरोपाची पार्टी आहे आणि शेवटच्या नाचाचा जोडीदार तिने निवडायचाय. सुगियामाने तोपर्यंत क्लास सोडलाय, ती परदेशी निघालीय. त्याच्या बायकोला सगळं ठाऊक आहे, दिवे लागलेले आहेत, सगळे बघताहेत. ती हॉल ओलांडून त्याच्यापाशी येते आणि विचारते. त्याच्या चिकाटीचं हे बक्षीस वाटू शकतं. मला वाटत नाही. गुरु-शिष्याचं नातं संपलंय आणि विचारणारी ती आहे, म्हणून हा नाच दोघांना मोकळेपणाने करता येतो.

२००४ च्या हॉलिवूड आवृत्तीत रिचर्ड गिअर आणि जेनिफर लोपेझ आहेत, गोष्ट शिकागोतली आहे. ती फिकी पडते, कारण जोडीने नाचण्यात तिथे लाज नाही. जपानी सिनेमाची सुरुवातच या लाजेपासून होते. नवरा-बायकोने चारचौघांत हातात हात घेणंसुद्धा जिथे अवघड, तिथे परक्या बाईला धरून नाचणं म्हणजे काय, हे डोंबिवलीत वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडे नवरात्राआधी गरब्याचे क्लास भरतात आणि मग ‘सर’ आणि त्यांची बॅच एकाच मैदानात उतरते. सरांनी कुणाबरोबर नाचावं, चुकलेल्या मुलीला सगळ्यांसमोर थांबवून स्टेप दुरुस्त करावी का, क्लासच्या ग्रुपवरून घेतलेल्या नंबरवर रात्री मेसेज टाकावा का, हे कुठे लिहिलेलं नसतं. साल्सा-बचाटाच्या ‘सोशल’मध्ये तर स्पर्शही आला. तिथे शिकवणाऱ्याची जबाबदारी जास्त, कारण फ्लोअरवर वजन त्याचं असतं. विद्यार्थिनी सरांना तोंडावर ‘नको’ म्हणत नाही. ‘टाइम जमत नाहीये’ म्हणते आणि क्लास सोडते. तिचा नाच तिथेच थांबतो, आणि का थांबला हे कुणी विचारत नाही.

माई ‘नाही’ म्हणू शकली, कारण ती शिकवणारी होती. पुढे विद्यार्थी तिच्याकडूनच शिकत राहिला आणि तिनेही शिकवण्यात हात आखडता घेतला नाही. बाजू उलटी असती, नकार विद्यार्थिनीने दिला असता, तर पुढच्या तासाला तिला तितक्याच मनापासून शिकवलं गेलं असतं का? सिनेमा हा प्रश्न विचारत नाही. आपल्या क्लासमध्ये मात्र तो विचारायलाच हवा.